मीठ बरोबर पडलं

"पोरीची पार काडी केलीस गं रजने."

आत्याबाई एसटीतून उतरून थेट आमच्या दारात उभ्या होत्या. पाय धुतले नव्हते, पाणी घेतलं नव्हतं, हातातला कडीचा डबासुद्धा खाली ठेवला नव्हता. माझ्या चार वर्षांच्या केतकीचं मनगट दोन बोटांत धरून त्या मला दाखवत होत्या, जणू ते मी पहिल्यांदाच बघत होते. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. आणि माझ्या आत्याबाई म्हणजे माणदेशातल्या कोरड्या मातीत चार मुलं आणि दोन बैल एकटीनं वाढवलेली बाई. त्यांच्या मते दोन्हींना वाढवायची रीत एकच होती. वेळेवर आणि पोटभर.

"जेवते की ती, आत्याबाई," मी म्हटलं.

"काय जेवती? तू येरवाळी सातला त्या कारखान्यात. ह्यो शशिकांत कवा दिवसपाळीला, कवा रातपाळीला. चूल कवा पेटती तुमची?"

"गॅस आहे आई," शशिकांत म्हणाला. माझा नवरा अशा वेळी नेमकं अचूक बोलतो.

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "आईतवारपतूर हाय म्या हितं. बगते. लेकराला रोज ताजं, घरचं, पोटभर मिळत आसलं तर बरं. न्हाईतर आईतवारच्या गाडीनं ती माझ्यासंगं गावाला. साळंत घालायच्या वक्ताला आनून सोडीन."

शाळेला अजून दोन वर्षं होती. मी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. आत्याबाई बोललेलं करत, एवढं मला लग्नापासून माहीत होतं. केतकीनं विचारलं, "आई, आजीकडे तू पण येणार?" मी तिला उचलून कडेवर घेतलं. शशिकांतनं आत गेल्यावर हळूच समजूत घातली, "दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे."

"मग तुम्हीच जा दोन वर्षं," मी म्हटलं.

तेव्हा मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसाच्या रसात साखर किती, हे दिवसभर मोजायचं. हंगाम सुरू झाला की चारला सुटणारी ड्यूटी सहाला सुटायची, आणि घरी येईपर्यंत अंगाला मळीचा वास आणि डोक्यात एकच विचार, आता स्वयंपाक. पहाटे भाकऱ्या मी थापायचे. भात माझा, कोशिंबीर माझी. पण भाकरीबरोबर रोज नवं काय आणायचं?

तर ते मी करतच नव्हते. ते आमची कारखान्याची कॉलनी करत होती, आणि कॉलनीला ते माहीत नव्हतं.

आपल्याकडे एक रीत आहे. शेजारणीनं भांड्यातून काही पाठवलं तर ते भांडं रिकामं परत करत नाहीत. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. ही रीत कुणी पाडली माहीत नाही, पण त्या बाईला हंगामात नोकरी असणार. मी दर रविवारी मटकी भिजवायची, मोड आणायचे आणि सोमवारी पहाटे पातेलंभर उसळ करून माझ्या पातेल्यांतून वाटायची. मग आठवडाभर एकेक पातेलं भरून परत यायचं. डावीकडच्या येवलेकाकूंकडून चाकवताची पातळ भाजी यायची, समोरच्या मुजावरभाभींकडून अख्खा मसूर. मी दोघींच्या घरचा कल ओळखून होते. तिथं थोडंसं डोकं लागतं. आपल्याच भांड्यातून पाठवायचं, हे महत्त्वाचं. त्यांच्या भांड्यातून परतफेड केली की देणंघेणं मिटतं, आणि मिटवणं मला परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांची भांडी आली की ती मी थोडी उशिरानंच परत करायची.

यात मी कुणाला फसवत होते असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मटकी चांगली असायची. जरा अळणी, एवढंच. लग्नानंतर पहिल्याच जेवणात आत्याबाई म्हणाल्या होत्या, "तुझ्या हाताला मीठ न्हाई गं." प्रयोगशाळेत मी सगळं काटेकोर मोजते, पण घरी मीठ घालताना माझा हात आखडतो तो आखडतोच.

त्या आठवड्यात माझं सगळं पणाला लागलं होतं. शेजारणींच्या भांड्यांतलं माझ्या कढईत ओतायचं, भांडं धुऊन गॅसच्या टाकीमागे लपवायचं आणि मग आत्याबाईंना हाक मारायची. बाहेर ओसरीवर त्या केतकीला घेऊन बसलेल्या असत. आवाज गेला पाहिजे म्हणून मी चमचाभर तेलात उगाच मोहरी तडतडवायची आणि रिकाम्या कढईत उलथणं आपटायची.

पहिल्याच दिवशी चाकवत वाढला. आत्याबाईंनी घास घेतला, थांबल्या, माझ्याकडे पाहिलं.

"मीठ बरुबर पडलंया."

"सवय झाली आता," मी म्हटलं.

"ह्यो चाकवत अगदी येवलेकाकूंच्या..." शशिकांतनं सुरुवात केली. मी ताटाखालून त्याच्या पायावर पाय दिला. "येवलेकाकूंच्या हातच्यापेक्षा बरा झालाय," त्यानं वाक्य कसंबसं कडेला लावलं.

दुसऱ्या दिवशी मसूर आला. त्याही दिवशी मीठ बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा काकूंचं भांडं आलं, शेपू आणि मुगाची डाळ. आत्याबाई म्हणाल्या, "हाताला चव आलीया तुझ्या. आन् रोज येगळी चव." केतकीनं त्या रात्री दीड भाकरी खाल्ली. आत्याबाईंनी तिच्या पोटावर हात फिरवून पाहिला, तसा त्या खळ्यावरच्या पोत्यावर फिरवतात. मला धीर आला. शुक्रवारी तर मी जेवताना गाणं गुणगुणत होते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, पण हे आपलं आपल्याला कुठं सुचतं?

शनिवारी सहाला मी परतत होते. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती, आणि आत्याबाईंनी अजून 'हो' किंवा 'नाही' काहीच म्हटलं नव्हतं. शेवटचं जेवण जमून गेलं की सुटले, असा विचार करत मी भाभींच्या दारावरून जात होते, तोच त्यांनी हाक मारली.

"रजनी, तुझं पातेलं राहिलंय बघ माझ्याकडं. घेऊन जा, गरम आहे."

मी झाकण उचललं आणि देवच पावला. हुलग्याची आमटी! आत्याबाईंचा जीव की प्राण. गावी त्या ती आठवड्यातून दोनदा करायच्या. त्यांची एक पद्धत होती. लसणाचा अख्खा गड्डा सालासकट जाळावर भाजायचा आणि तसाच आमटीत सोडायचा. जेवताना तो ज्याच्या वाटीत येईल त्याचा, आणि त्यावरून त्यांची चारही मुलं मोठी झाल्यावरसुद्धा भांडायची. केतकीही गावी गेली की आजीच्या मांडीवर बसून गड्ड्याची वाट बघायची.

आमटीत शेवग्याच्या शेंगा होत्या आणि बटाट्याच्या फोडीही दिसत होत्या. भाभींची पद्धत असेल, मला काय करायचंय? मी पातेलं पदराखाली घेऊन मागच्या दारानं शिरले, कढईत ओतलं, चार माणसांना पुरावं म्हणून फुलपात्रभर पाणी घातलं आणि आपलाही हात लागावा म्हणून चिंच आणि गुळाचा खडा टाकला. मोहरी तडतडवली. उलथणं आपटलं.

"आत्याबाई, जेवायला चला! आज तुमच्या आवडीचं केलंय."

सगळे बसले. शशिकांत त्या आठवड्यात दिवसपाळीला होता, म्हणून तोही होता. मी गरम भाकरी वाढली, आमटीची वाटी आत्याबाईंसमोर सरकवली आणि गॅसशेजारी हात पुसत उभी राहिले.

आत्याबाईंनी भाकरी कुस्करली, आमटी ओतली, घास घेतला. मग बराच वेळ नुसतं चावत राहिल्या.

"हुलगं म्हनं हे?"

"हो."

"हुलग्यात बटाटा कुनी घालतं का गं?"

"जरा दाटपणा यावा म्हणून."

"दाटपना? ह्ये तर वड्याचं पानी झालंया. आन् शेवगा कशापाई?" त्यांनी एक शेंग उचलून माझ्याकडे रोखली. "आन् ह्यात गूळ घातलाईस? हुलग्यात गूळ? ज्यानं कुनी तुला शिकवलं त्याला हुलग्याचा गुन म्हाईत न्हाई. मूळ काय चांगलं आसंल त्ये, पर पार वाटूळं केलंया."

शशिकांत मान खाली घालून भराभर जेवत होता. आठवडाभर जमवलेलं सगळं एका आमटीत बुडालं होतं. केतकीचे फ्रॉक कुठल्या पिशवीत भरायचे हेसुद्धा माझ्या डोक्यात येऊन गेलं. आणि राग आला तो भाभींचा. बटाटा काय घालायचा हुलग्यात!

"थोडी आणखी देऊ?" काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं आणि पळी कढईच्या तळाशी घातली.

पळीला काहीतरी जड लागलं. वर काढलं तर काळसर, गोल, फुगलेलं. ते पळीतून सुटलं आणि आत्याबाईंच्या वाटीत टपकन पडलं.

केतकी ओरडली, "आजीचा गड्डा! माझा! मी घेणार!"

आत्याबाईंनी गड्डा दोन बोटांनी उचलला. फिरवून पाहिला. एक बाजू जास्त करपली होती. त्यांनी तिथली साल नखानं सोलली आणि वास घेतला.

"ह्यो गड्डा," त्या सावकाश म्हणाल्या, "म्या सकाळी भाजलाय. तुझ्या ग्यासवर. ह्या अंगाला करपला, तवा लेकरू पान्यासाठी रडत व्हतं म्हनून म्या उठले व्हते."

"तुम्ही?"

"म्या." त्यांनी गड्डा केतकीच्या ताटात ठेवला. "सकाळी वल्लं कापाड शोधत व्हते. त्या टाकीच्या मागं पातेलं गावलं. त्याच्यावर येवले म्हनून नाव. लोकांचं भांडं रिकामं घरात पडलेलं, मला लाज वाटली. म्हनलं पोरगी कामात इसरली आसंल. मग गावचं हुलगं आनल्यालं, त्याची आमटी केली आन् भरून देऊन आले. तुला कळू दिलं न्हाई. म्हनलं तुझी अब्रू ऱ्हावी." त्यांनी वाटीकडे बोट दाखवलं. "तर म्या येवलेबाईला दिल्याली आमटी तू मला कशी वाढतीस?"

मी खरंच चक्रावले होते. "ही तर मला भाभींनी दिली."

आत्याबाईंनी हात धुतला. "चल."

येवलेकाकू अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. आम्हां दोघींना पाहून त्यांनी हातातली चादर घट्ट धरली. आत्याबाईंनी सरळ विचारलं, "सकाळी आमटी दिलती, ती कुनी खाल्ली?"

काकू आधी म्हणाल्या, छान होती. मग म्हणाल्या, फार छान होती. मग त्यांचा चेहरा पडला. "खरं सांगू का? आज मला बालवाडीच्या मीटिंगला जायचं होतं, घरी काही केलंच नव्हतं, आणि भाभींचं पातेलं माझ्याकडं दोन दिवस पडून होतं. रिकामं कसं देणार? म्हणून तुमच्याच आमटीत दोन बटाटे घातले आणि..."

समोरच्या दारातून भाभी ऐकत होत्या. त्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी शिवणाचं मशीन होतं आणि हंगामात अख्ख्या कॉलनीचे युनिफॉर्म त्या शिवायच्या. त्यांनी नाकावरचा चष्मा काढला. "माझ्याकडं रजनीचं पातेलं होतं. मला वाटलं, काकूंनीच केली आमटी. ईदच्या कपड्यांची घाई चाललीय, हात मोकळा कुठाय? अंगणातल्या चार शेंगा घातल्या आणि दिली. तो गड्डा मी कांदा समजले."

"म्हणजे तुमचा अख्खा मसूर?" मी भाभींना विचारलं.

"मसूर माझाच. पण तू मागच्या महिन्यात खाल्लेला चाकवत माझ्या नणंदेनं केलेला. काकूंनी तुला पुढं पाठवला."

"आणि तुझी मटकी," काकू म्हणाल्या, "ती तर कधीकधी फिरून माझ्याच घरी परत यायची. तुझी ओळखू येते. मीठ कमी असतं."

तीन वर्षं जी माझी एकटीची युक्ती म्हणून मी मनात गोंजारत होते, ती ह्या सगळ्यांची होती. भाभींना आधी हसू फुटलं. मग काकूंना. मी हसू की रडू ह्या विचारात आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते.

"माझीच आमटी," त्या कशाबशा म्हणाल्या, "माझ्याच तोंडानं नावं ठिवली. वड्याचं पानी म्हनलं."

"गूळ मी घातला, आत्याबाई," मी म्हटलं. लपवण्यासारखं आता काय उरलं होतं?

"त्ये कळलं मला. आन् बाकीचंबी पैल्याच दिशी कळलं व्हतं."

"काय कळलं होतं?"

"चाकवतात मीठ बरुबर व्हतं." त्यांनी माझ्याकडे पाहून डोळे बारीक केले. "तुझ्या हातचं आसतं तर मीठ कमी आसतं. मग म्या रोज जीब लावून बगत व्हते, बगू कवा कमी पडतंय. इतकं दिस झालं, एक दिस न्हाई पडलं."

"मग बोलला का नाहीत?"

"लेकरू दीड भाकरी खाईत व्हतं. बोलून काय करू?"

मला तिथंच अंगणात रडू आलं. काकूंनी ती चादर माझ्या हातात दिली, डोळे पुसायला.

रविवारी दुपारी आम्ही थांब्यावर गेलो. केतकीची पिशवी कुणी भरायला सांगितली नव्हती, आणि मी विचारायचं धाडस केलं नव्हतं. गाडी आली. आत्याबाई चढल्या, खिडकीत बसल्या. मी केतकीला उचलून खिडकीशी धरलं, तेव्हा तिला परत माझ्याकडे ढकलत म्हणाल्या, "हिला हितंच ऱ्हाऊ दे. माझ्याकडं एका हाताचं खाईल. हितं गल्लीभर हातांचं खाती."

मग त्यांनी डबा बाहेर काढला. येताना त्यात केतकीसाठी तिळाचे लाडू भरून आणले होते. आता तो रिकामा होता, आणि तो त्यांनी तसाच माझ्या हातात ठेवला.

"आत्याबाई, रिकामा?"

"रिकामाच. म्या भरून आनला व्हता, आता तू भरून धाड. आन् तुझ्या हातचं पायजे. कॉलनीचं न्हाई चालायचं."

गाडी सुटली. शशिकांत म्हणाला, "आता काय करशील?" मी म्हटलं, "बघते."

बघायला वेळ कुठं होता? हंगाम रंगात आला होता. पंधरा दिवसांनी डबा फळीवर बघून माझं मलाच वाईट वाटलं, म्हणून भाभींकडून शेंगदाण्याची चटणी मागून घेतली, त्यात भरली आणि गावाकडच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिली. तो आमच्याच गावचा होता. दुसऱ्या दिवशी परतीच्या फेरीला त्यानं डबा माझ्या हातात दिला. आत बाजरीचं पीठ.

"म्हातारीनं निरोप दिलाय," तो म्हणाला. "चटनी लई ग्वाड हाय. भाभीला सांग म्हनाल्या."

त्या रविवारी मी स्वतः खलबत्ता मांडला. शेंगदाणे भाजले, लसूण कुटला, तिखट घातलं, मिठाची वाटी हातात घेतली आणि नेहमीसारखीच थांबले. केतकी शेजारी बसून एकेक शेंगदाणा तोंडात टाकत होती. थोडं घातलं. आणखी थोडं घालावं असं वाटलं. मग नाही घातलं.

डबा गेला. ड्रायव्हर परत आला तेव्हा मी थांब्यावरच उभी होते.

"काय म्हणाल्या?"

"खाऊन बघितली आन् हसाय लागल्या." त्यानं डबा माझ्याकडे दिला. तो जड होता. "म्हनल्या, मीठ कमी हाय. म्हंजी ही रजनीचीच."